निशाणी ५ चा अर्ज: माहेरच्या जमिनीसाठी घेतलेल्या दोन वकिलांच्या सेवेबद्दल

आधीच सांगते, यात कुणा वकिलाचं नाव सापडणार नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे, आणि माझ्या आताच्या वकील मॅडमनी मला बजावून सांगितलंय, "ताई, अनुभव हवा तेवढा लिहा, माझं नाव नको." पहिल्या वकिलांचं नाव मी आपणहून गाळते. तालुकाही लिहीत नाही, कारण तिथल्या कोर्टात दिवाणी कामं करणाऱ्या महिला वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

तरी लिहायला बसले, कारण गेल्या वर्षभरात माझ्या वॉर्डातल्या दोन सिस्टर, एक आयाबाई आणि आमच्या सोसायटीतली एक वहिनी अशा चौघींनी मला एकच गोष्ट विचारली: "माहेरच्या जमिनीवर स्टे आणायचाय, वकील कसा बघायचा गं?" स्टे म्हणजे कोर्टाची तात्पुरती मनाई, आणि ती मागायचा अर्ज म्हणजे निशाणी ५. दर वेळी तुकड्यातुकड्यानं सांगते आणि काहीतरी राहूनच जातं.

मी पिंपरीत परिचारिका आहे. माहेर कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं. वडिलांच्या नावावर साडेतीन एकर वडिलोपार्जित बागायत: रस्त्याकडेचं सव्वा एकर आणि नदीकडेचं सव्वादोन. शिवाय गावठाणात जुनं घर. वडील २०१६ साली गेले. मागे आई, दोन भाऊ, थोरली बहीण आणि मी. वारसनोंद झाली तेव्हा आईचं आणि भावांचं नाव सातबाऱ्यावर खातेदार म्हणून लागलं, आम्हा दोघी बहिणींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात गेली. तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नव्हता. नाव तर आहे ना उताऱ्यावर, एवढ्यावर मी खूश होते. २०१७ मध्ये भावांनी दोघींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं. ताई गेली आणि सही करून आली. मला त्या दिवशी ड्युटी होती, म्हणून राहिलं. मुद्दाम नाही म्हटलं नव्हतं, हे खरं आहे तसं सांगते.

मग २०२२ च्या मे महिन्यात चुलतभावानं मोबाइलवर एक फोटो पाठवला. रस्त्याकडेच्या रानातला उसाचा खोडवा काढून टाकलेला, रान सपाट केलेलं, आणि त्यावर पांढऱ्या फक्कीच्या सरळ रेघा. मधे रस्ता सोडलेला. कडेला लाल रंग लावलेले लाकडी खुंट. दादानं विसार, म्हणजे विक्रीपोटी आगाऊ रक्कम, घेतला होता. ज्या बांधावर आम्ही चौघं भावंडं भुईमुगाच्या शेंगा भाजून खायचो, तो बांध त्या फोटोत नव्हताच.

पहिले वकील आमच्या एका पाहुण्यांनी सुचवले. कोर्टासमोरच ऑफिस, बाहेर नेहमी माणसांची गर्दी. त्यांनी सातबारा एकदा वरून खाली बघितला आणि म्हणाले, "दोन दिवसांत स्टे आणून देतो." ३०,००० रुपये सांगितले, मी दिले. पावती मागितली नाही, त्यांनीही दिली नाही. चौथ्या दिवशी वकीलपत्रावर आणि दाव्याखालच्या सत्यप्रतिज्ञेवर सह्या घेतल्या. मी दावा वाचला नाही. रात्रपाळी करून एसटीनं गेले होते, डोळ्यांवर झोप होती, शिवाय एवढ्या मोठ्या वकिलांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार असं वाटलं.

त्या दाव्यात काय होतं ते मला सात महिन्यांनी कळलं. पहिली गोष्ट, तो वाटपाचा दावा नव्हताच. नुसता मनाईचा होता: भावांनी माझ्या वहिवाटीला अडथळा करू नये. दुसरी, त्यात लिहिलं होतं की रस्त्याकडेचं रान मी स्वतः कसते. मी पिंपरीत २१ वर्षं नोकरी करतेय आणि मी कसते! तिसरी, आई आणि ताई त्यात पक्षकारच नव्हत्या. चौथी, नदीकडच्या रानाचा आणि घराचा उल्लेखच नव्हता.

दोन दिवसांतला स्टे काही आला नाही. न्यायाधीशांनी भावांना ‘कारणे दाखवा’ नोटीस काढली, आणि आता समजतं की ते बरोबरच होतं. समोरच्याचं म्हणणं न ऐकता हुकूम द्यायचा तर, नोटीस काढण्यात वेळ गेल्यानं अर्जाचा हेतूच बुडेल असं न्यायाधीशांना वाटावं लागतं आणि तशी कारणं लिहावी लागतात. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९, नियम ३. असा हुकूम मिळालाच तरी कागदपत्रांच्या प्रती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी समोरच्याला रजिस्टर पोस्टानं पाठवून तसं शपथपत्र द्यावं लागतं. हे मला पहिल्या ऑफिसात कुणी सांगितलं नाही. मी आपली रोज फोन करायची, "आला का स्टे?"

भावांच्या वकिलांनी म्हणणं दाखल केलं. सोबत पीकपाहणीचे उतारे, कारखान्याकडची ऊसनोंद आणि मी पिंपरीत नोकरी करते याचा पुरावा. जानेवारी २०२३ मध्ये अर्ज फेटाळला. सहहिस्सेदार बहिणीनं वाटप न मागता नुसती वहिवाटीची मनाई मागितलेली, वहिवाट तर दिसत नाही, आणि हिस्सेदारही पुरे नाहीत. निकालाची नक्कल हातात घेऊन मी कोर्टाच्या व्हरांड्यात बसले होते. लाज वाटत होती ती हरल्याची नाही. माझ्या सहीखाली खोटं लिहिलं गेलं होतं, आणि ते दादानं वाचलं होतं.

मॅडमकडे गेले ती आमच्या रुग्णालयातल्या एका पेशंटच्या मुलीच्या सांगण्यावरून. ऑफिस स्टेशनरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, भिंतीला लागून लाल कापडात बांधलेले दप्तरांचे गठ्ठे. मॅडमनी आधी विचारलं, "मोफत वकील मिळतो हे माहीत आहे ना तुम्हाला?" मला माहीत नव्हतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा. मॅडमनी तिथला टेबल कुठे आहे तेसुद्धा सांगितलं आणि म्हणाल्या, "तिकडे जाऊन या, बोला, मग ठरवा. माझी फी ४५,००० होईल." येणारं काम स्वतःहून दुसऱ्या दारी दाखवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. मी त्यांच्याकडेच थांबले.

पहिल्या दोन भेटींत त्यांनी एक ओळही लिहिली नाही. फक्त कागद मागितले. दोन्ही गटांचे चालू सातबारे आणि ८अ. वडिलांच्या आधीचे, आजोबांच्या नावाचे जुने उतारे, म्हणजे जमीन वडिलोपार्जित आहे हे दिसायला. १९७४ पासूनचे सगळे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी. घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८. वडिलांचा मृत्यूचा दाखला. ताईच्या हक्कसोडपत्राची नक्कल. पहिल्या दाव्याचं झाडून सगळं दप्तर. हे गोळा करायला मला दोन महिने लागले, तीन वेळा रजा टाकावी लागली, आणि तेव्हा मी मनातून चिडलेही होते. रानात खुंट ठोकलेत आणि मॅडम आजोबांचा उतारा मागतायत!

तिसऱ्या भेटीत मॅडमनी वारसाचा फेरफार टेबलावर ठेवला आणि ‘इतर हक्क’ या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. "तुमच्या भावांना विसार घेता आला तो याच्या जोरावर. घेणाऱ्याला वाटतं, खातेदार तिघंच." पुढे म्हणाल्या, "पण फेरफारानं कुणाची मालकी जात नाही आणि कुणाला मिळत नाही. ती सारा वसुलीपुरती नोंद. तुम्ही हिंदू वारसा कायद्यानं जन्मानं हिस्सेदार आहात, २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगी मुलाइतकीच. वडील हयात होते का नव्हते हा वादसुद्धा सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालात मिटवलाय." मग पॅडवर हिशेब मांडला. आई, दोन भाऊ, दोन बहिणी, पाच वाटे. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे. माझ्या वाट्याला २८ गुंठे. ‘२८’ च्या भोवती त्यांनी गोल काढला. इतकी वर्षं मी ‘माझा हिस्सा, माझा हिस्सा’ म्हणत होते, आकडा पहिल्यांदा पाहिला.

तात्पुरत्या मनाईचं गणितही त्यांनी तेव्हाच समजावलं, आणि मला वाटतं या सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग तो अर्धा तास होता. न्यायाधीश तीन गोष्टी बघतात. प्रथमदर्शनी तुमच्या बाजूनं काही आहे का. हुकूम दिला तर कुणाची किती अडचण आणि नाही दिला तर कुणाची, म्हणजे सोयीचं पारडं कुठे झुकतं. आणि हुकूम न दिल्यास पैशानं भरून येणार नाही असं नुकसान तुमचं होणार आहे का. तिन्ही लागतात, एकावर भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग हा निकाल यावर दर वेळी दाखवला जातो, आमच्याही निकालपत्रात तो आला.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय थांबवायचंय?" मी म्हटलं, सगळंच. विक्री, प्लॉट, आणि उसाचं बिलसुद्धा. भावांनी रानात पाय ठेवायचा नाही. मॅडम म्हणाल्या, "भाऊही हिस्सेदारच आहेत. हिस्सेदाराचा ताबा हा कायद्याच्या नजरेत सगळ्या हिस्सेदारांचा ताबा. त्यांना शेत कसण्यापासून अडवा म्हटलं तर साहेब पहिल्याच मिनिटाला नाही म्हणतील, आणि त्याच्यासोबत बाकीचंही जाईल. कसू द्या त्यांना. आपण एवढंच मागू की दावा चालेपर्यंत विकू नका, गहाण टाकू नका, जमिनीचं रूप बदलू नका. उसाच्या बिलाचा हिशेब दाव्यात मागू, तो शेवटी मिळेल." मला ते पटायला दोन दिवस लागले. सात वर्षांचं उसाचं बिल डोळ्यांसमोर येत होतं. पण पहिला अर्ज ज्या दगडावर फुटला तो हाच होता, हे त्यांनी मला पहिल्या निकालाचा परिच्छेद वाचून दाखवला तेव्हा उमगलं.

पहिला दावा नवा दावा करण्याची परवानगी घेऊन काढून घेतला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सरस-निरस मानानं (चांगल्या-हलक्या जमिनीचा मेळ घालून) वाटप व स्वतंत्र ताब्याचा दावा दाखल झाला. दोन्ही गट आणि घर, सगळं त्यात. दोन्ही भाऊ, आई, ताई, सगळे प्रतिवादी. सोबत आदेश ३९ नियम १ व २ खालचा मनाईचा अर्ज. त्याला आपल्याकडे कोर्टात सगळे ‘निशाणी ५’ म्हणतात, कारण दप्तरात तो बहुधा पाचव्या क्रमांकावर लागतो.

सही करायच्या आधी मॅडमनी पूर्ण दावा मला मोठ्यानं वाचून दाखवला. ११ पानं, पाऊण तास. परिच्छेद ४ मध्ये लिहिलं होतं की आधी एक दावा केला होता, त्यातला मनाईचा अर्ज नामंजूर झाला, वहिवाटीबद्दलचं त्यातलं कथन बरोबर नव्हतं. मी म्हटलं, हे कशाला लिहायचं, ते आपणच त्यांच्या हातात दिल्यासारखं होईल. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "मनाई मागणाऱ्यानं काही लपवलं असं दिसलं की हुकूम गेला. दिलेलाही रद्द होतो. आणि ताई, हे खरं आहे ना?" मी हो म्हटलं. सही केली.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी कुठल्या फीमध्ये बसत नाही. म्हणाल्या, "आई प्रतिवादी क्रमांक ३ आहेत. बेलिफ समन्स घेऊन दारात जाईल. त्याच्या आधी तुम्ही आईला फोन करा. वाटपाच्या दाव्यात सगळ्या हिस्सेदारांना घ्यावंच लागतं, तिच्यावर तुम्ही काही आरोप केलेला नाही, हे तुमच्या तोंडून कळू दे." मी त्याच संध्याकाळी फोन केला. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाकरी खाल्लीस का?"

या वेळी कॅव्हेट होतं, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा भावांचा अर्ज. आम्ही दाव्याआधी नोटीस पाठवली तेव्हाच भावांनी ते दाखल केलं होतं आणि त्याची प्रत रजिस्टर पोस्टानं माझ्या घरी आली होती. मी पाकीट तसंच मॅडमकडे नेलं. त्यांनी तारीख बघून वहीत लिहून घेतली. कॅव्हेट ९० दिवस चालतं, तोवर समोरच्याला कळवल्याशिवाय हुकूम मागता येत नाही. "९० दिवस संपायची वाट बघत बसायची नाही," त्या म्हणाल्या, "आपण प्रती देऊ आणि समोरासमोर बोलू. समोरच्याला ऐकून दिलेला हुकूम अपिलात जास्त टिकतो." हे पुढे अगदी तसंच झालं.

निशाणी ५ वरची सुनावणी मी पूर्ण ऐकली. दुपारी सव्वातीनला पुकारा झाला. भावांच्या वकिलांचे मुद्दे तीन. २००१ सालीच तोंडी वाटप झालं होतं. माझ्या लग्नात खर्च केला, सोनं घातलं. आणि असाच अर्ज याच कोर्टानं एकदा फेटाळलाय. शेवटचं वाक्य त्यांनी जरा जोरात म्हटलं. दादा त्यांच्या मागे उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता.

मॅडम उठल्या. न्यायाधीशांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ताबा कुणाचा?"

"शेत भाऊ कसतात, साहेब. आम्ही ते नाकारत नाही. ताबा मागत नाही, कसायला अडवतही नाही."

साहेबांनी मान वर केली. "आणि आधीचा अर्ज?"

"दाव्याचा परिच्छेद ४, साहेब. आम्हीच लिहिलंय."

त्यांनी पानं उलटली. परिच्छेद वाचताना त्यांचा अंगठा ओळीवरून हळूहळू खाली सरकत होता. मला एवढंच आठवतं, तो अंगठा. मग म्हणाले, "हं. पुढे बोला."

मॅडम दहा-बारा मिनिटं बोलल्या. २००१ मध्ये तोंडी वाटप झालं म्हणता, तर २०१६ पर्यंत दोन्ही गट एकट्या वडिलांच्याच नावावर कसे? ना खातेफोड (वेगळी खाती), ना तहसीलदारांकडचं जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ चं वाटप, ना नोंदणी केलेला दस्त. सरकारी कागदाचा आधार नसलेलं तोंडी वाटप सहजासहजी मानायचं नाही, हेही विनीता शर्मा निकालात आहे. लग्नातला खर्च म्हणजे हिस्सा नव्हे. हुकूम दिला तर भावांचं काय जातं? ऊस त्यांचाच उभा राहील, बिल त्यांनाच मिळेल, फक्त विक्री थांबेल. हुकूम नाही दिला तर रस्त्याकडेच्या रानाचे प्लॉट पडतील, प्रत्येक प्लॉटला नवा मालक, त्यावर घरं. मग उद्या वाटपाचा हुकूमनामा झाला तरी वाटायला रान कुठून आणायचं?

डिसेंबर २०२३ मध्ये अर्ज मंजूर झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादींनी दावा मिळकतीत तिऱ्हाईताचे हक्क निर्माण करू नयेत आणि मिळकतीचं स्वरूप बदलू नये. सहीशिक्क्याची नक्कल मी परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तीनदा वाचली.

आता हुकूम मिळाल्यानंतरची सेवा, कारण बरेच वकील इथं हात झटकतात असं मी चौघींकडूनही ऐकलंय. मॅडमनी हुकुमाच्या प्रती पत्रासोबत दुय्यम निबंधक कार्यालयाला आणि तलाठ्यांना दिल्या, पोच घेतली, आणि ‘इतर हक्कात’ दाव्याची नोंद व्हावी म्हणून अर्ज केला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ खालची लिस पेंडन्सची, म्हणजे या मिळकतीवर दावा चालू आहे अशी, नोटीसही नोंदवली. मनाई हुकूम भावांना बांधतो. नोंदवलेली नोटीस मात्र घेणाऱ्याच्या वकिलाला सर्चमध्ये, म्हणजे नोंदणीचे जुने दस्त तपासताना, दिसते, आणि आमच्याकडे विसार देणाऱ्यानं माघार घेतली ती तसा सर्च घेतल्यावरच.

पण ही नोटीस नोंदवायला मॅडमच्या ऑफिसनं पाच आठवडे लावले. मसुदा तयार होता, मी सही करून दिली होती, तरी कागद कारकून काकांच्या टेबलावर पडून राहिला. या पाच आठवड्यांत काही वेडंवाकडं झालं असतं तर? मी मॅडमना तोंडावर बोलले. त्यांनी चूक मान्य केली, पण म्हणून ती लहान होत नाही. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. दुसरी तारखांची. साहेब रजेवर आहेत हे ऑफिसला आदल्या संध्याकाळी माहीत असूनही मला कळवलं गेलं नाही, असं दोनदा झालं. पिंपरीहून जाऊन-येऊन एक रजा आणि एक रात्र जाते. त्यानंतर मी दाव्याचा १६ अक्षरी-आकडी सीएनआर नंबर लिहून घेतला आणि ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी अॅप मोबाइलवर घेतलं. पुढची तारीख आणि रोजनामा मीच बघते. मॅडम फोन संध्याकाळी सातनंतरच उचलतात, ते मला चालतं. जिन्याला कठडा नाही, ते म्हाताऱ्या माणसांना चालणार नाही. आईला बोलायला न्यायचं ठरवलं तेव्हा मॅडमच खाली आल्या आणि स्टेशनरीच्या दुकानातल्या स्टुलावर बसून बोलल्या.

२०२४ च्या मार्चमध्ये चुलतभावाचा पुन्हा फोन आला. रस्त्याकडेच्या रानात जेसीबी लागलाय, पायासाठी चर खणतायत. मॅडमना रात्री साडेआठला फोन केला. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: तारीख दिसेल असे फोटो काढायला लावा, सकाळी तलाठ्यांकडे पंचनाम्यासाठी अर्ज द्या, आणि रानात कुणी भांडायला जायचं नाही. मग म्हणाल्या, "नियम २अ खाली अर्ज करता येतो. हुकूम मोडणाऱ्याची मिळकत जप्त होऊ शकते, ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवता येतं. अर्ज मी तयार करते. पण भावाला आत बसवायचंय का, हे तुम्ही ठरवा. आज नको, उद्या सांगा."

त्या रात्री मला ड्युटी होती. माझ्या नर्सिंगच्या कोर्सची पहिली फी दादानं भरली होती. वडिलांकडे तेव्हा पैसे नव्हते, त्यानं गाभण शेळी विकली होती. पहाटे चारला सलाइन बदलता बदलता ठरवलं. सकाळी मॅडमना सांगितलं, अर्ज करा, पण मला चर बुजलेली हवी आहे, तो आत गेलेला नको. मॅडमनी अर्ज दाखल केला आणि समोरच्या वकिलांशी बोलून दादाकडून कोर्टात हमीपत्र घेतलं. आठ दिवसांत चर बुजली. इतक्या नाजूक कामात माझं ऐकून घेतलं गेलं, याचं मोल मी पैशात करू शकत नाही.

भावांनी हुकुमावर जिल्हा न्यायालयात अपील केलं, तेही सप्टेंबर २०२४ मध्ये फेटाळलं. दोन्ही बाजू ऐकून दिलेला हुकूम, आधीची चूक उघड लिहिलेली, मागणी मर्यादित, असं त्या निकालात कारणांसकट आहे.

पैशांचं सांगते. ४५,००० तीन टप्प्यांत: दाव्याच्या वेळी २०,०००, निशाणी ५ नंतर १५,०००, पुराव्याच्या वेळी १०,०००. प्रत्येकाची पावती. कोर्ट फी, टायपिंग, नकला, समन्सचा खर्च आणि नोंदणी यांचा हिशेब वेगळ्या कागदावर, पावत्या जोडून. अपिलाची फी वेगळी घेतली, ती आधी सांगून. पहिल्या वकिलांकडचे ३०,००० गेले ते गेले.

पाचपैकी गुण द्यायचे तर मॅडमना चार. एक गुण कापते तो त्या पाच आठवड्यांचा आणि फुकट गेलेल्या दोन तारखांचा मिळून. चौघींपैकी दोघींना मी त्यांच्याकडेच पाठवलं. तिसरीला विधी सेवा समितीत घेऊन गेले, कारण तिच्याकडे टायपिंगचेसुद्धा पैसे नव्हते. तिला तिथं तरुण वकील मिळालाय आणि त्यानंही पहिल्या भेटीत फेरफारच मागितले. चौथीनं अजून ठरवलेलं नाही. तिनं आधीच हक्कसोडपत्रावर सही केलीय, तिचं काय होईल ते कागद बघूनच कुणी सांगू शकेल.

माझा दावा आता पुराव्यावर आहे. सरतपासाचं, म्हणजे माझ्या साक्षीचं, शपथपत्र दिलंय, उलटतपास बाकी आहे. मॅडमनी सांगून ठेवलंय की तेव्हा समोरचे पहिल्या दाव्यावरूनच सुरुवात करतील, आणि मी जे खरं आहे तेच सांगायचं. गौरी-गणपतीला गावी गेले होते. रस्त्याकडेच्या रानात दादानं लागण केलीय, ऊस कमरेइतका झालाय. बांध परत घातलाय, पूर्वीच्या जागेपासून हातभर अलीकडे. मी मोजणीच्या अर्जाबद्दल मॅडमना विचारलंय.